उष्टी सुई

"ही सही कोणाची?"

काउंटरवरच्या मुलीने त्या माणसाला नेहमीचं उत्तर दिलं, की तक्रार असेल तर अर्ज भरा. त्याने अर्ज बाजूला सारला. "अर्ज नको. माणूस पाहिजे. ज्याने ही सही केली तो माणूस."

आत यंत्राच्या खोलीत नन्नाताईंनी ते ऐकलं. सही आपलीच असणार हे त्यांना न बघताही कळलं, कारण त्या लॅबमधल्या शंभरातल्या नव्वद कागदांवर त्यांचीच असायची. त्यांनी हातमोजे काढले, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "माझी. बोला."

नन्नाताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सतरा वर्षं रक्त तपासणाऱ्या या बाई कशालाही चटकन हो म्हणत नाहीत म्हणून मॅनेजरने ते ठेवलं होतं. नमुना गोठलाय? नाही, पुन्हा काढा. बाटलीवरची तारीख पुसट झालीय? नाही, नवी उघडा. नुसता नन्नाचा पाढा. लॅबनेही मॅनेजरला मोकळं सोडलं नव्हतं. तो उठता-बसता "ताशी किती?" असं विचारायचा, म्हणून पाठीमागे सगळे त्याला ताशीसाहेब म्हणायचे.

कागद घेऊन आलेला माणूस पन्नाशीचा होता. अंगात गणवेशाचा शर्ट, कडक इस्त्रीचा. शाळेची बस चालवतो म्हणाला, आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त केलं, "चालवत होतो. बावीस वर्षं. मुलं मला ड्रायव्हरकाका म्हणतात."

मग ड्रायव्हरकाकांनी सगळं सांगितलं. पोटात जळजळ व्हायची म्हणून ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी रक्त तपासून घ्यायला सांगितलं. रिपोर्टमध्ये लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातलं एक पाचक द्रव्य, दोनशे चौदा. साठपर्यंत ठीक असतं. एवढं वाढलं म्हणजे स्वादुपिंडाला सूज, आणि पुरुषाच्या स्वादुपिंडाला सूज म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला.

"दारू किती पिता, असं विचारलं त्यांनी. मी म्हणालो, पीत नाही. ते हसले. म्हणाले, सगळे असंच म्हणतात. चिठ्ठीवर लिहिलं, दारूचा संशय. ती चिठ्ठी रजेच्या अर्जाबरोबर कंपनीत गेली, आणि कंपनीने संशय ठेवलाच नाही, खात्रीच करून टाकली. आज आठवडा झाला, माझी बस दुसराच चालवतोय आणि मी डेपोत बाकावर बसून असतो. शुक्रवारी सकाळी दहाला फैसला आहे. हा कागद खरा ठरला, तर मला पुन्हा मुलांची गाडी मिळणार नाही. कधीच नाही."

आवाज चढला होता तो एकदम खाली आला. "परवा दुपारी मी जरा पडलो होतो. झोपलोय असं समजून बायकोने माझं तोंड हुंगलं. मी डोळे मिटूनच घेतले. काय करणार?"

नन्नाताईंनी कागद पुढे ओढला. कागदाच्या तळाशी त्यांची वळणदार सही होती, आणि त्या सहीने एका माणसाला त्याच्या घरात, त्याच्या अंथरुणावर खोटं पाडलं होतं.

आवाज ऐकून ताशीसाहेब आले. त्यांनी ड्रायव्हरकाकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजूत घालायला सुरुवात केली. "आमचं यंत्र रोज सकाळी तपासतो आम्ही. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं असा नमुना. तुमच्या दिवशीही कंट्रोल चोख आलं होतं. यंत्राचं तुमच्याशी काही वैर नाही हो."

"पुन्हा काढते," नन्नाताई म्हणाल्या आणि तिथेच रक्त घेतलं. तासाभरात उत्तर आलं. एक्केचाळीस. अगदी ठणठणीत.

काउंटरवरच्या मुलीने तर टाळीच वाजवली. ताशीसाहेब मात्र म्हणाले, "छान. सूज उतरली. आठ-नऊ दिवसांत उतरतेच ती. दारू बंद केली की..."

"म्हणजे वाईट आला तरी मी दारुडा, आणि चांगला आला तरी दारुडाच?" ड्रायव्हरकाका उभे राहिले.

नवा रिपोर्ट आजचं सांगत होता. नऊ दिवसांपूर्वीचं रक्त असतं तर ते पुन्हा तपासता आलं असतं, पण लॅब सात दिवसच नमुने ठेवते. आठव्या दिवशी ते भट्टीत गेलं होतं. आता एकच वाट उरली होती. त्या दिवशी यंत्र चुकलं होतं हे दाखवायचं, आणि तेही यंत्र सगळ्या परीक्षांत पास झालेलं असताना.

"शुक्रवारच्या आत मी शोधून काढीन," नन्नाताई म्हणाल्या. असला शब्द त्यांनी सतरा वर्षांत कोणाला दिला नव्हता.

ताशीसाहेबांनी कपाळाला हात लावला.

त्या यंत्राचं नाव राणी. आडव्या केलेल्या कपाटाएवढं, वरून काचेचं झाकण. सगळी लॅब उकाड्यात घामाघूम झाली तरी राणीच्या खोलीत गारवा असतो, म्हणून राणी. तिच्या पोटात एक गोल ताट फिरतं, ताटात पंचवीस तपासण्यांच्या पंचवीस बाटल्या. वरून एक सुई उतरते. या बाटलीतून थोडं घेते, छोट्या कपात सोडते, पाण्याच्या खळग्यात बुडी मारते, आणि पुढच्या बाटलीकडे जाते. बाटल्या पंचवीस आणि सुई एकच. दिवसभर हेच. बघत बसलं तर डोळे गरगरतात.

चाळीस दिवसांपूर्वी ही बुडी आखूड केली होती. शेजारच्या इस्पितळाने अट घातली की अकराच्या आत रिपोर्ट हवेत, डॉक्टर वॉर्डात फिरायला निघतात त्याआधी. राणी ताशी साडेचारशे तपासण्या करायची. इंजिनियर आला, त्याने काहीतरी बटणं दाबली, साबणाची धुलाई बंद केली, पाण्याची निम्मी केली आणि राणी ताशी सहाशेवर गेली. ताशीसाहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. नन्नाताईंनी दोन दिवस नाही म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशीही सगळी कंट्रोलं चोख आली, तेव्हा नाही म्हणायला कारणच उरलं नाही. मग त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही केली. आयुष्यात एकदा बाई हो म्हणाल्या, आणि तेच अंगाशी आलं.

मंगळवारी दुपारी सगळे जेवायला गेले असताना त्या राणीची नोंदवही उघडून बसल्या. सुई कोणत्या क्षणी कोणत्या बाटलीत गेली हे सगळं राणी लिहून ठेवते. वाचत कोणी नाही. ड्रायव्हरकाकांचं लायपेज सापडलं. त्याच्या लगेच आधी सुई कुठे गेली होती? ट्रायग्लिसराइडच्या बाटलीत. म्हणजे रक्तातली चरबी मोजायची बाटली.

नन्नाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. चरबी मोजायची तर आधी ती फोडावी लागते, आणि फोडायला त्या बाटलीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, घातलेलं असतं. त्याचंच नाव लायपेज! सुई तिथून निघायची, अर्धवट तोंड धुवायची आणि तशीच उष्टी लायपेजच्या तपासणीत जायची. तिखटाचा चमचा नुसता झटकून साखरेच्या डब्यात घालावा तसं. राणीने जे मोजलं ते खरंच होतं. फक्त ते ड्रायव्हरकाकांचं नव्हतं. ते राणीनेच स्वतःच्या सुईने नेऊन टाकलं होतं.

त्यांनी चाळीस दिवस मागे जाऊन पाहिलं. लायपेज वाढलेले आणि लगेच आधी ट्रायग्लिसराइड आलेले, असे सतरा जण निघाले. सतरा कागद, सतरा सह्या.

मग कंट्रोल रोज चोख कसं येत होतं? हे कोडं त्यांना चहा गार होईपर्यंत छळत राहिलं, आणि सुटलं तेव्हा त्या जागच्या हलल्या नाहीत. लायपेजचं कंट्रोल नाजूक असतं. फ्रिजबाहेर फार वेळ टिकत नाही. म्हणून सहा वर्षांपूर्वी नन्नाताईंनीच नियम केला होता की सकाळी राणी उठली, तिची मोठी आंघोळ झाली, की पहिल्यांदा लायपेजचं कंट्रोल लावायचं आणि बाटली लगेच आत ठेवायची. नव्या मुलींना त्या हे ओरडून ओरडून शिकवायच्या. सुई तेव्हा स्वच्छ असायची, आधी काहीच झालेलं नसायचं. कंट्रोल पास होणारच. चोर दिवसभर घरात फिरत होता आणि नन्नाताई रोज सकाळी, तो उठायच्या आत, घर तपासून शाबासकी घेत होत्या.

त्यांना स्वतःचीच शरम वाटली. आळशी बाईच्या हातून ही चूक झालीच नसती. आळशी बाईने कंट्रोल कधीही लावलं असतं आणि एखाद्या दिवशी ते नापास झालं असतं.

बुधवारी सकाळी त्या ताशीसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि सगळं सांगितलं. ताशीसाहेब काही मूर्ख नव्हते. दोन मिनिटांत त्यांना पटलं, आणि तिसऱ्या मिनिटाला घाम फुटला.

"ठीक आहे. मग उपाय काय?"

"धुलाई पुन्हा सुरू करा."

"मग ताशी साडेचारशे. रिपोर्ट बाराला. ताई, अकराला त्या वॉर्डात डॉक्टर उभा असतो. कोणाचं पोटॅशियम वाढलेलं असतं, कोणाची साखर पडलेली असते. तासभर उशीर झाला तर त्यांचं काय करू? तुमचा एक ड्रायव्हर आहे, माझ्या दोनशे खाटा आहेत."

यात तथ्य होतं, आणि म्हणूनच नन्नाताईंना जास्त राग आला. खोटं बोलणाऱ्या माणसाला झापता येतं. अर्धं खरं बोलणाऱ्याचं काय करायचं?

"मग लायपेजवर माझी सही मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "मी ते सगळ्यांच्या शेवटी, सुई धुऊन, एकेक करून वेगळं लावीन."

"झालं सुरू! सही करणारे पुष्कळ आहेत, ताई."

"असतील. त्यांना आधी ही नोंदवही वाचायला द्या. वाचून कोणी सही केली तर मला बोलवा, मी त्याच्या पाया पडते."

ताशीसाहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. "गुरुवार. उद्या अकरापर्यंत. सहाशेच्या सहाशे राहिले पाहिजेत आणि लायपेजही बरोबर आलं पाहिजे. जमलं तर ठीक. नाहीतर परवापासून तुम्ही रक्त काढायच्या टेबलावर. राणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही."

त्या दुपारी नन्नाताईंनी राणीला कामाला जुंपलं. पंचवीस बाटल्यांपैकी एकेकीत सुई बुडवायची आणि लगेच मागोमाग लायपेज लावायचं. एकेकीची झडती. बहुतेक बाटल्या गरीब निघाल्या. साखर, युरिया, कॅल्शियम यांनी लायपेजला बोटसुद्धा लावलं नाही. एका कोलेस्टेरॉलने थोडी कुरबुर केली. आणि ट्रायग्लिसराइडने, अपेक्षेप्रमाणे, थयथयाट केला. गुन्हेगार दीड. पण त्या दीडजणांसाठी पंचवीसही वेळा धुलाई करायची, की न धुता लोकांना दारुडं ठरवायचं, या दोन टोकांच्या मध्ये काय आहे ते काही सुचेना.

संध्याकाळी त्या घरी न जाता नवऱ्याच्या छापखान्यात गेल्या. नवरा एका रंगाच्या जुन्या यंत्रावर पत्रकं छापतो. हात कोपरापर्यंत शाईने माखलेले, आणि तोंड त्याहून सैल. बायको अवेळी दारात दिसली की तो ओळखतो, कोणाशी तरी वाजलंय.

"आज कोणाला नाही म्हणून आलीस?"

"गप्प बस. काम कर तुझं."

त्या स्टुलावर बसल्या. नवरा रोलरवरून लाल शाई पुसत होता. कोपऱ्यात तयार पत्रकांचे गठ्ठे होते. पिवळ्या अक्षरांचे, मग नारिंगी, मग लाल. शेवटी निळ्या आणि काळ्याचे नुसते कोरे कागद वाट बघत होते.

हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यातली निम्मी या शाईची कुरकुर ऐकण्यात गेली होती. आज पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "तू काळा आधी का नाही छापत? तो गठ्ठा तर सकाळीच आला होता."

"वेड लागलंय का? काळ्यानंतर पिवळा लावायचा म्हणजे तासभर रॉकेलने घासत बसा. पिवळ्यानंतर लाल लावला की नुसतं फडकं मारायचं. थोडा पिवळा राहिला तरी लालला काय फरक पडतो? उजळ आधी, गडद शेवटी. धुलाई दिवसातून एकदाच." तो हसला. "क्रम नीट लावला की धुवायला लागत नाही. हे माझ्या बापाने शिकवलं. तुझ्या त्या राणीला बाप नाही वाटतं."

नन्नाताई उठल्या. त्यांनी नवऱ्याचा शाईचा हात हातात धरला, अंगातल्या पांढऱ्या कोटाची पर्वा न करता, आणि तितक्याच चटकन सोडला.

"अगं, डाग!" नवरा ओरडला.

"पडू दे."

गुरुवारी सातला त्या लॅबमध्ये हजर होत्या. त्यांनी राणीला नवा क्रम शिकवला. कोणाच्याही रक्तात लायपेज सांगितलं असेल तर ते सगळ्यांच्या आधी. ट्रायग्लिसराइड नंतर, आणि त्याच्यामागे साखर आणि युरिया, ज्या तपासण्या बहुतेकांच्या असतातच. म्हणजे एका माणसाची चरबी मोजून झाली की सुईला दोन गरीब बाटल्या भेटणार, त्यात तिचं तोंड आपोआप विसळलं जाणार, आणि मग दुसऱ्या माणसाचं लायपेज. ज्यांची फक्त चरबीच मोजायची, आणि मागे साखर-युरिया नाही, असे दिवसाला पाच-सहा. तेवढ्यांपुरती साबणाची धुलाई. कुरबुर करणाऱ्या कोलेस्टेरॉललाही त्यांनी असंच लांब बसवलं. भांडकुदळ पाहुण्यांना एका बाकावर बसवायचं नाही, एवढंच.

आणि सहा वर्षांचा आपला नियम त्यांनी भिंतीवरून स्वतःच्या हाताने काढला. लायपेजचं कंट्रोल आता सकाळी एकदा आणि मग गर्दीच्या ऐन मध्यावर, ट्रायग्लिसराइडच्या रांगेत घुसवून.

साडेनऊला ताशीसाहेब येऊन उभे राहिले. हातात मोबाइल, त्यावर घड्याळ सुरू. नन्नाताईंनी त्यांना आधी जुनं दाखवलं. कंट्रोलची एक बाटली, ठरलेलं उत्तर चाळीस. आधी ट्रायग्लिसराइड, लगेच मागोमाग लायपेज, जुन्या आखूड बुडीने. एकशे नव्वद. पुन्हा. दोनशे पाच. पुन्हा. दोनशे एक. ताशीसाहेबांचा चेहरा उतरत गेला. मग नवा क्रम. चाळीस. एकोणचाळीस. एक्केचाळीस. चाळीस.

"आणि वेग?"

"तुमच्याच हातात आहे की घड्याळ."

सकाळची रांग संपली तेव्हा दहा बावन्न झाले होते. काल दहा पन्नासला संपली होती.

"दोन मिनिटं," ताशीसाहेब म्हणाले. त्यांनी दोनदा मोजलं. मग ते मनापासून हसले, आणि ते हसू खरं होतं. "मानलं तुम्हाला. राणी तुमची. विषय संपला."

"संपला कसा? सतरा रिपोर्ट आहेत."

हसू गेलं. ताशीसाहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं. "हे बघा ताई. पुढचं सुधारलं ना? मागचं उकरून कोणाचं भलं? ड्रायव्हरला मी एक पत्र देतो. 'तांत्रिक कारणास्तव फेरतपासणी केली असता रिपोर्ट सामान्य आढळला.' बास. बाकीच्या सोळांनी काही तक्रार केलीय का?"

"त्यांना माहीतच नाही!"

"मग?"

नन्नाताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी सतरा जणांची यादी टेबलावर ठेवली. "यातल्या एका बाईला शेजारच्या इस्पितळात तीन दिवस पाणीसुद्धा दिलं नाही, सलाइनवर ठेवलं. एक पोरगा बावीस वर्षांचा आहे, त्याच्याही कागदावर कोणीतरी दारू लिहिली असेल. तक्रार कशी करतील? त्यांना वाटतंय की चूक त्यांच्या पोटात आहे. ती इथे होती. तुमच्या घाईत आणि माझ्या सहीत."

"तुम्ही लॅब बंद पाडाल."

"नाही पाडणार. पण लपवणारही नाही."

"लॅबचा शिक्का मी देणार नाही."

"शिक्का ठेवा तुमच्याकडे. सही माझी आहे."

शुक्रवारी सकाळी डेपोत एका पत्र्याच्या खोलीत तीन माणसं टेबलापलीकडे बसली होती. कंपनीचे अधिकारी, शाळेचे उपमुख्याध्यापक आणि पालकांच्या वतीने एक बाई. ड्रायव्हरकाका अलीकडे, तोच इस्त्रीचा शर्ट. दारात नन्नाताई आल्या, लॅबचा पांढरा कोट घालून. खांद्यावर पाठीशी शाईचा एक फिकट ठसा राहिला होता, तो कितीही धुतला तरी गेला नव्हता. बुधवारी छापखान्यातून निघताना नवऱ्याने थोपटलं होतं तिथे.

अधिकाऱ्यांनी नवा रिपोर्ट पाहिला आणि तेच म्हटलं जे सगळे म्हणत होते. "आता सामान्य आहे. सोडली असेल. त्याचं कौतुकच आहे. पण त्या दिवशी काय होतं, हा प्रश्न आहे."

नन्नाताईंनी दोन कागद टेबलावर ठेवले, आणि मधोमध कंट्रोलची छोटी बाटली. "दोन्ही तपासण्या या एकाच बाटलीच्या आहेत. एका सकाळी, एका यंत्रावर. एका कागदावर चाळीस आहे, दुसऱ्यावर दोनशे पाच. पंधरा मिनिटांत."

"म्हणजे?"

"म्हणजे ही बाटली दारू प्यायली नव्हती, साहेब."

पालकबाईंनी बाटली उचलून बघितली. नन्नाताई उभ्या राहिल्या. "आमची सुई नीट धुतली जात नव्हती. आधीच्या बाटलीतलं औषध यांच्या तपासणीत गेलं. आकडा आमचा, नाव यांचं लागलं. जुन्या रिपोर्टवर सही माझी आहे आणि तो चुकीचा आहे. हे मी लिहून आणलंय. 'तांत्रिक कारण' वगैरे काही नाही. 'आमची चूक' असं लिहिलंय, आणि खाली सही केलीय."

उपमुख्याध्यापकांनी कागद वाचला, परत वाचला आणि पुढे सरकवला. अर्ध्या तासात चावी ड्रायव्हरकाकांच्या हातात आली. बसची चावी, तिला एक रंगीत रबरी हत्ती लटकवलेला, कोणत्या तरी मुलाने दिलेला. त्यांनी तो हत्ती अंगठ्याने चोळला.

बाहेर अंगणात नन्नाताईंनी त्यांच्या हातात कागदाची दुसरी प्रत दिली. "ही घरी न्या. वहिनींना दाखवा. हवं तर मी येते तुमच्याबरोबर, मीच सांगते त्यांना."

ड्रायव्हरकाकांनी घडी करून कागद वरच्या खिशात ठेवला. मग ते बसकडे वळले.

"नाही, ताई," ते म्हणाले. "तिला मी दाखवीन. ती वाचेल, रडेल, माफी मागेल, सगळं होईल. पण तिने एकदा हुंगलं ना. ते काही कागदाने जाणार नाही. त्याला दिवस लागतील." मग त्यांनी हात जोडले. "तुम्ही आलात, ते मात्र मी विसरणार नाही."

नन्नाताईंनीही हात जोडले आणि त्या लॅबकडे निघाल्या. आपण जिंकलो असं सकाळी वाटलं होतं, त्याची त्यांना आता लाज वाटत होती. आणि अजून सोळा जण होते. सोळा घरं, आणि त्या घरांत कोणी कोणाचं काय हुंगलं असेल, कोणाचे डबे, कपाटं, खिसे चाचपले असतील, देव जाणे.

लॅबमध्ये पोचल्यावर त्यांनी कोटही काढला नाही. सरळ टेलिफोनपाशी बसल्या आणि यादी उघडली. पहिल्या नावावर, ड्रायव्हरकाकांच्या, रेघ मारली. दुसरं नाव त्या बावीस वर्षांच्या पोराचं होतं.

ताशीसाहेब दारात येऊन उभे राहिले. ते ओरडले नाहीत. थकलेले दिसत होते. "ताई, मागचं उकरू नका असं मी काल सांगितलं होतं. आज शेवटचं सांगतोय. ठेवा तो फोन."

"नाही," नन्नाताई म्हणाल्या आणि नंबर फिरवला.

पलीकडे एका बाईने उचलला. पोराची आई असावी. मागे कुठेतरी भांडी वाजत होती.

"नमस्कार," नन्नाताई म्हणाल्या. "तुमच्या मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टवर माझी सही आहे. तो रिपोर्ट चुकीचा होता. चूक आमची होती, त्याची नाही."

भांड्यांचा आवाज थांबला. मग त्या बाईने फोन बाजूला न धरताच मोठ्याने मुलाला हाक मारली, आणि दुसऱ्या हाकेला तिचा आवाज फाटला.

नन्नाताई फोन धरून बसून राहिल्या. तो येईपर्यंत.